रिसीव्हरवरचं कुंकू

१ ऑक्टो., खंडेनवमी. कडा
सकाळी ह्यांची हत्यारं पुसून पाटावर मांडली. मुक्ता म्हणाली, "रविवारी नगरला रेस हाय, माझी गाडी पण ठेव." रिमोटची गाडी ह्यांनीच लेकीला जोडून दिलेली. हे गेल्यापासून पूजा मोठे दीर करायचे. आज ते बाहेरगावी, म्हणून मीच केली. गाडीचं झाकण काढून आतही पाणी शिंपडलं, कुंकू लावलं. जाऊबाई दारातून बघत होत्या.

२ ऑक्टो., दसरा
गाडी बिघडली. रिमोटला हात न लावता पुढची चाकं थरथरतात, आपोआप डावीकडे वळतात. जाऊबाई सोनं द्यायला आल्या, तेव्हा बघितलं त्यांनी. "कुंकवाला तू कावून हात लावलास? काल दुपारपर्यंत थांबली असतीस तर आमचे हे आलेच असते." चहा टाकला, दिला.
रात्री अंथरुणात मुक्ता, "आई, तुझ्यामुळं झालं का खरंच?"
नाही म्हणायला हवं होतं. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

३ ऑक्टो.
गाडीची इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचली. शाळा सातवीत सुटली, वाचणं नाही सुटलं. एका वेळी एकच वस्तू बदलून बघा, असं लिहिलंय. बॅटरी बदलली, थरथर तशीच. चाकं वळवणारी मोटर बदलली, तरी तशीच. राहिला रिसीव्हर, रिमोटचा हुकूम ऐकणारी डबी. मुक्तानं भिंग लावून बघितलं. पिनांच्या मधे ओलसर लाल लेप. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, जुन्या ब्रशनं घासलं, पंख्याखाली वाळवलं. चाकं गप्प.
माझ्यापुरतं मिटलं. तिच्यापुरतं नाही.

४ ऑक्टो.
कार्टी जाऊबाईंना हाताला धरून घेऊन आली. "काकू, आता तुमी लावा. इथंच. कुंकू जरा ओलं घ्या."
रिसीव्हर एकच आहे. उद्या रेस. जळला तर संपलं. मी नको नको म्हणतेय तोवर जाऊबाई, "लई शाणी झालीस गं," करत बोट टेकवून मोकळ्या. क्षणभर काही नाही. मग चाकं थरथरायला लागली.
मुक्तानं बॅटरी काढली, स्पिरिट घेऊन पुसत बसली. जाऊबाई आपल्या बोटाकडं बघत राहिल्या. जाताना, "पोरगी बापावर गेलीय."
थोडी माझ्यावरही, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. इथं लिहून ठेवते.

५ ऑक्टो., नगर
सुरुवातीच्या फेऱ्या झकास. तीन पोरांना मागे टाकलं. मग लांबच्या वळणावर गाडी जागेवर ठप्प. मुक्ता पळत जाऊन उचलून घेऊन आली. आता गाडी मुक्ताच्या मांडीवर पालथी, स्क्रू तिच्या दातात, एकेक वायर हलवून बघतेय. शेजारच्या पोरानं त्याची गाडी वडलांकडं दिलीय आणि वडापाव खातोय. पुढची रेस जेवणानंतर.
जाऊबाईंचा फोन वाजतोय. मी उचलत नाही बघून ही मान वर न करता म्हणते, "उचल ना आई. सांग, एखादी वायर ढिली हाय. कुठली ते अजून न्हाई कळलं."