जुबेदाची सनद

जालना,
डिसेंबर १९४८

प्रिय शकीला,

या नावानं तुला सोळा वर्षांत कुणी हाक मारली नसेल. शाळेच्या हजेरीपटावर, अंबडच्या आयाबायांच्या तोंडी, सरकारी हुकुमांवर तू जुबेदा आहेस. चारचौघांत मीही तुला जुबेदाच म्हणत आले. आधी ते नाव घेताना माझी जीभ अडखळायची. मंग सवय झाली, आणि पुढं त्या सवयीचीच भीती वाटायला लागली. आजचं पत्र मात्र शकीलाला आहे. मराठी वाचायला तू माझ्याकडंच शिकलीस, तेव्हा हे कुणाकडून वाचून घेऊ नकोस. दार लावून एकटीनं वाच.

तुझी चिठ्ठी परवा कारभारी गाडीवान घेऊन आला. तुमच्या गल्लीत आता शांत आहे आणि शाळा पुन्हा भरायला लागली हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडंही तसं निवांत आहे. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेल्यापासून कचेऱ्यांत नवे साहेब आलेत, आणि जुन्या नोकरांची सगळ्यांची तपासणी चालू आहे. सनद खरी आहे का, दाखला खरा आहे का, आणि सनदेवर नाव आहे ते माणूस हेच का. तू चिठ्ठीत जे लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस नीट जेवले न्हाई. पण त्याविषयी लिहिण्याआधी त्या परीक्षेचं सगळं मला माझ्या बाजूनं सांगू दे. आपण दोघी इतकी वर्षं एका शाळेत, एका चटईवर बसलो, पण त्या दोन दिवसांबद्दल एक शब्द बोललो न्हाई.

चौदाव्या वर्षी कुंकू पुसून मी पिंपळगाव रेणुकाईहून भावाकडं जालन्याला आल्ते, हे तुला ठाऊक आहे. रखमाजीदादा जिनिंगमध्ये कामाला होता. तुळजावहिनी मला कधी टाकून बोलली न्हाई, पण दादा एकदा जेवताना म्हणाला, "दुर्गे, मी हाय तोवर हाय. पुढं तुझं कोण? मुलींच्या शाळेत बाया लागून राह्यल्या. शिकून घे." मराठी चार बुकं मी गावात शिकले होते, पण सरकारचं सगळं उर्दूत. मिडलची परीक्षा पास, वय अठरा पूर्ण, मुल्की, म्हणजे निजामाच्या राज्यातलीच असल्याचा दाखला, आणि शाळेत एक वर्ष बिनपगारी उमेदवारी, एवढं असेल तर नोकरी. उर्दू शिकवणार कोण? तेव्हा जालन्यातच मस्तगडात तुझे अब्बा ख्वाजामियाँ सरकारी दप्तरं बांधायचे. दादाची त्यांची ओळख होती. त्यांची थोरली लेक त्याच परीक्षेला बसायची होती आणि तिचं गणित कच्चं होतं. असा सौदा जमला. मी तिला त्रैराशिक शिकवायची, ती मला उर्दू.

तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. खळीचं भांडं घेऊन अब्बांच्या हाताशी बसायचीस आणि आमच्याकडं बघून हसायचीस. दीड वर्ष मी रोज दुपारी तुमच्या घरी येत होते. जुबेदा कडक मास्तरीण होती. उर्दूत एकाच 'स'साठी तीन तीन अक्षरं, आणि मी दर वेळी चुकायची. 'सब्र' हा शब्द तर मी शंभरदा सीननं लिहिला असेल. ती माझ्या पाटीवर नखानं टकटक करायची आणि म्हणायची, "सीन से नहीं, स्वाद से. कित्ती बार बोलूँ?" तिचं ते नख मला अजून दिसतं. एकदा तिच्या बुरख्याची बाही दाराच्या कडीत अडकून फाटली. काळा दोरा घरात नव्हता, म्हणून मी निळ्या दोऱ्यानं टाके घातले. ती म्हणाली, राहू दे, परीक्षेच्या गर्दीत तू मला यावरूनच ओळखशील.

परीक्षा औरंगाबादला होती, शनिवार आणि रविवार. आदल्या आठवड्यात तिला मुदतीचा ताप भरला. गुरुवारी सकाळी मी निघताना तुमच्या दारी आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले. मला म्हणाली, "तू आगे हो. मैं आती." मी म्हटलं, पुढच्या वर्षी बस, जिवापेक्षा काय मोठं आहे. तिनं मान हलवली. अब्बांची नजर अधू होत चालली होती, तुला माहीत आहे. पुढच्या वर्षीपर्यंत दप्तरं कोण बांधणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी दादाबरोबर गाडीत बसले.

शनिवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत पडदा बांधून आम्हा सात बायकांची बसायची सोय केली होती. देखरेखीला एक वयस्क पारशी बाई होत्या. सहा जणी आलो. जुबेदाची जागा माझ्या डाव्या हाताला, ती रिकामी. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. "जुबेदा बेगम, वालिद ख्वाजामियाँ, साकिन जालना," असं त्यांनी वाचलं, आणि मी सांगायला तोंड उघडणार तोच पडद्याच्या फटीतून ती आत आली. काही न बोलता तिनं हात वर केला आणि येऊन बसली. बाहीवर निळे टाके होते. मला इतका आनंद झाला की मी तिच्या गुडघ्याला हात लावायला गेले. तिनं गुडघा आवरून घेतला.

खोलीत सगळ्या बायकाच होत्या, म्हणून बाकीच्यांनी चेहऱ्यावरचे पडदे वर टाकले होते. तिनं टाकला न्हाई. बाईंनी दोनदा सांगितलं, मग आजारी दिसते म्हणून सोडून दिलं. तिच्या अंगाला कापराचा वास येत होता. मला वाटलं, तापावर लावला असेल. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं, आम्ही घामानं निथळत होतो, आणि माझी डावी बाजू मात्र पहाटे आडाशेजारी उभं राहावं तशी गार होती. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. सहा टाकांची कुरकुर त्या खोलीत चालली होती. माझ्या शेजारचा टाक भराभर चालत होता, कागदावर ओळी उमटत होत्या, पण त्याचा आवाज येत नव्हता. मधल्या सुटीत आम्ही माठाजवळ गेलो. ती जागची हलली न्हाई. संध्याकाळी पेपर देऊन मी वळले तोवर ती निघून गेली होती. दादा फाटकाशी उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, बुरखेवाली कुणी बाहेर आली न्हाई.

रविवारी शेवटचा पेपर इमला होता. बाई सावकाश वाचत होत्या, आम्ही उतरवून घेत होतो. एका वाक्यात 'सब्र' आला. मी लिहिलं आणि पुढं गेले. तेवढ्यात डावीकडून एक बोट आलं आणि माझ्या कागदावर त्या शब्दाशी थांबलं. नखानं दोनदा टकटक केलं. आवाज तेव्हाही आला न्हाई. नख निळसर पडलं होतं. मी बघितलं, सीन लिहिला होता. खोडून स्वाद केला. पुढं निकालाच्या कागदावर कळलं की इमल्यात मी एका गुणानं पास झाले होते. शकीला, माझी सनदसुद्धा त्या बोटामुळं आहे, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई.

सोमवारी गाडीतून उतरून मी घरी न जाता थेट मस्तगडात आले. दारात चपलाच चपला. अम्मीनं मला मिठी मारली आणि सांगितलं की गुरुवारी रात्रीच जुबेदा गेली, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दफन झालं. मी उंबरा ओलांडला. आतल्या खोलीत तू कोपऱ्यात बसली होतीस, तिचा बुरखा अंगावर घेऊन, आणि तुझ्या उजव्या हाताला मनगटापर्यंत शाई. एका क्षणात माझ्या डोक्यानं सगळं जुळवलं. बहिणीची माती पडल्यावर दुसऱ्या दिवशी ही पोर तिच्या जागी परीक्षेला गेली. घराला नोकरी पाहिजे म्हणून गेली. म्हणूनच तोंड झाकलं, म्हणूनच बोलली न्हाई. मला राग आला न्हाई, तुझी कीवच आली. तुझ्याजवळ बसून मी कानात म्हणाले, "पेपर चांगले गेले. कुणाला सांगू नको." तू माझ्याकडं बघितलंस आणि माझा हात घट्ट धरलास. त्या हाताचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

अडीच महिन्यांनी निकाल आला. जुबेदा बेगम वरच्या नंबरात, मी काठावर. अब्बा तो कागद डोळ्यांशी नेऊन किती वेळ बसले होते. पोरगी गेल्याचं त्यांनी कचेरीत कळवलं न्हाई. उमेदवारीचा हुकूम आला तेव्हा तू बहिणीचं नाव घेऊन शाळेत आलीस, आणि तूच जुबेदा अशी ग्वाही मी हेडबाईंना दिली.

आता जे लिहिते ते लिहायला मला हिंमत लागतेय. उमेदवारीच्या पहिल्याच आठवड्यात हेडबाईंनी तुला फळ्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. तू लिहिल्यास, आणि त्यात स्वादच्या जागी सीन होता. मी मागं बसले होते.  मला जिनं चूक दाखवली तिला ते अक्षर येत नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की घाबरली असेल. पण वर्षभर मीच तुला शिकवलं, शकीला. तुला त्रैराशिक येत नव्हतं, इतिहास येत नव्हता. चौथीच्या पुढचं तुला काही येत नव्हतं. मी रोज बघत होते आणि रोज विचारणं टाळत होते. विचारलं असतं आणि तू न्हाई म्हणाली असतीस, तर मी दोन दिवस कुणाच्या शेजारी बसले होते? त्यापेक्षा तुला हुशार आणि विसरभोळी समजणं सोपं होतं. पुढं तू जिद्दीनं शिकलीस. अंबडला बदली झाली, तिथं तू एकटीनं शाळा उभी केलीस. तुझ्या हाताखालच्या चार मुली मिडल झाल्या. ते सगळं तुझं स्वतःचं आहे, त्यात कुणाची उसनवारी न्हाई.

काल मला तपासणीला बोलावलं होतं. साहेब मुंबई इलाख्यातले, मराठी बोलणारे, माणूस सज्जन वाटला. माझे कागद बघून झाल्यावर त्यांनी तुझी फाइल काढली. कुणीतरी निनावी अर्ज दिलाय की अंबडची मास्तरीण सनदेवरची बाई न्हाई. त्याच सालच्या उमेदवारांपैकी जालन्यात मी एकटीच उरले. त्यांनी शपथ घालून विचारलं, "ख्वाजामियाँची मुलगी जुबेदा तुमच्या शेजारी परीक्षेला बसली होती?" या प्रश्नाला मी सोळा वर्षं भीत होते, कारण तेव्हा खोटं बोलावं लागेल असं मला वाटायचं. पण परवा तुझी चिठ्ठी वाचली होती. मी म्हणाले, "होय. मी तिला ओळखलं." शपथेवर, खरं. मग त्यांनी विचारलं, अंबडला आहे ती तीच का. त्यालाही मी होय म्हणाले. ते खोटं होतं. ते मी जाणून बोलले आणि त्याचं जे काही होईल ते माझ्या माथी.

आता तुझ्या चिठ्ठीचं. तू लिहिलंस, "दुर्गाआपा, त्या दिवशी तुम्ही तुमचा पेपर लिहून जुबेदाबाजीचाही लिहिलात. मी तर तीन दिवस अम्मीजवळून उठले नव्हते, बाजीची दौत आवरताना हातावर सांडली तेवढीच शाई मला लागली. तुमचे उपकार मी विसरले न्हाई. मंगळवारी साहेब अंबडला येणार आहेत. बाजीच्या जागी मीच बसले होते असं मी त्यांना सांगणार. तुमचं नाव येऊ देणार न्हाई." म्हणून कारभाऱ्याची गाडी निघायच्या आत हे लिहितेय. शकीला, मी एकच पेपर लिहिला, आणि तोही धड न्हाई. तू घरातून उठली नव्हतीस. बाजी मला "मैं आती" म्हणाली होती आणि ती आली. दफन झाल्यावर आली, तुझ्यासाठी आली. तिनं कमावलेली जागा तू सांभाळलीस. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन ती तिच्या हातून काढून घेऊ नकोस. मंगळवारी साहेब नाव विचारतील तेव्हा शांतपणे जुबेदा सांग. आणि हे वाचून झालं की चुलीत घाल.

तुझीच,
दुर्गा