किल्ल्या परत केल्याची हकिकत

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या यजमानांचा रक्तदाब त्यांना सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना त्रास देतो, असं मागे लिहिलं होतंस. त्यांना नमस्कार सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे (हे मी सवयीने लिहिते). फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तू स्टँडवर ताटकळलीस आणि बसमधून मी सोडून सगळे उतरले, याचा राग मला मान्य आहे. कायमची राहायला येते असं मीच कबूल केलं होतं, बॅगही भरली होती. पण आमच्याकडच्या किल्ल्या तुला ठाऊक आहेत. घर गल्लीच्या तोंडाशी, मी दिवसभर शिवणाच्या मशीनवर, आणि जन्मापासून हे गाव सोडून कुठे राहिलेली नाही (लोकांच्या लेखी माझा एवढा एकच गुण). त्यामुळे कुणीही घराबाहेर पडलं की किल्ली माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दारामागे ओळीने खिळे आहेत, आणि कुठली किल्ली कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीला त्या त्या घरचे कपडे शिवताना उरलेली चिंधी बांधलेली. दातांच्या डॉक्टरांच्या किल्लीला त्यांच्या बायकोच्या फुलाफुलांच्या झग्याची, बेकरीवाल्याच्या किल्लीला त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची (हे त्याला माहीत नाही, तूही बोलू नकोस).

आता कायमचं निघायचं तर ज्याची किल्ली त्याला देऊन मोकळं व्हावं, असं मला वाटलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आमच्या गल्लीत किल्ली परत करणं म्हणजे संबंध तोडणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आजवर कुणी परत केलीच नव्हती. डॉक्टरांची बायको दारातच रडायला लागली, ‘मावशी, आमचं काय चुकलं?’ बेकरीवाल्याने दोन्ही हात पाठीमागे धरले. किल्ली पावांच्या ट्रेवर ठेवून यावं लागलं. दुपारपर्यंत मला असाध्य रोग झाला होता, आणि संध्याकाळी मी घर विकलं होतं. रिटायर्ड स्टेशनमास्तर डोळे पुसत आले आणि म्हणाले, ‘जाण्याआधी एवढ्या पँटी आखूड करून द्या.’ दिल्या करून, काय करते!

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवर बॅग. कंडक्टर आमच्याच गल्लीतला लंबू. त्याला वाटलं मी तासाभरासाठी कुठे निघालेय (गावातल्या अफवा बसमध्ये असणाऱ्याला उशिरा पोचतात). म्हणाला, ‘मावशी, चारच्या आत परत या हं. बायको तिची किल्ली घेऊन माहेरी गेलीय, पोरं शाळेतून थेट तुमच्याकडे किल्ली मागायला येतील.’ मी म्हटलं, ‘अरे, तुझी किल्ली तर मघाशी तुझ्याच दाराखालच्या फटीतून आत सरकवली. घरी कुणी नव्हतं ना!’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग मीही माझ्याकडे बघितलं. कुलूप बाहेर, किल्ली आत, आणि लंबूला बस घेऊन तुझ्या गावापर्यंत जायचं. मी उतरले. पोरं आली, खाल्लं, माझ्या मशीनची सुई मोडली आणि झोपली. रात्री लंबूने कुलूप फोडलं. तोवर सगळी गल्ली आपापली किल्ली घेऊन आली होती, आणि खिळे पुन्हा भरले होते.

त्या गर्दीत मी डॉक्टरांच्या बायकोला म्हटलं, ‘माझीही एक जादा किल्ली तुझ्याकडे राहू दे.’ ती हसली. ‘तुमची कशाला? तुम्ही कुठे जाताय?’ तिच्या मनात काही नव्हतं गं. पण मी फार दमले. बॅग अजून सोडलेली नाही.

तर एकूण, माझं येणं रहित समज. इथे माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं, आणि मला काही कमी नाही. उगाच काळजी करू नये.

तुझी,
थोरली

ता. क. मी येऊन शिवणार होते त्या पडद्यांचं कापड घेतलं असशील तर पाठव. नवी सुई आणलीय.

पुन्हा ता. क. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात पाय घसरला. तुला फोनवर सांगितलं नाही. बराच वेळ जमिनीवर पडून होते, दार बंद. डोक्यावर सगळ्या गल्लीच्या किल्ल्या लोंबत होत्या आणि माझी कुणाकडेच नव्हती. तेव्हा घाबरले. म्हणून माझी जादा किल्ली या पाकिटात घातलीय. तिला बांधायला माझ्या कपड्याची चिंधी शोधली, पण स्वतःसाठी नवं काही शिवल्याला इतकी वर्षं झाली, की चिंधीच निघाली नाही. तुझ्या लहानपणच्या पिवळ्या फ्रॉकची सापडली. किल्ली टपालाने परत पाठवू नकोस, घेऊन ये. आणि आलीस की बेल वाजवू नकोस. कुलूप उघड आणि आत ये.