पहिल्या तासात काय केलं ते कळव

टॅम्पा,
२९ ऑक्टोबर १९९३

प्रिय ओपलताईस,
धाकट्या व्हेल्माचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते चूक काढायला, पण सगळं खरंच निघालं. सत्तावन्नाव्या वर्षी तू एका परक्या माणसाबरोबर दोन आठवडे बोटीवर चालली आहेस, आणि शेवटी मायामीच्या धक्क्यावर उतरलीस की त्याला लग्नाचं हो की नाही ते सांगणार आहेस. खोल्या वेगळ्या घेतल्यात हे तू तीन वेळा लिहिलंस. मी एकदाच विचारणार होते.

हॉलिस टिल्मन. राहणार व्हॅल्डोस्टा. रेल्वेतून निवृत्त, विधुर, चर्चच्या जेवणात भेटला आणि तुझं केळ्याचं पुडिंग दोनदा मागून घेतलं. तीन महिन्यांत एवढीच माहिती? माझा बॉयडही दोनदा मागून खायचा. जॅक्सनव्हिलला त्याचा दुसरा संसार आहे हे मला नऊ वर्षांनी कळलं, तेही तिथल्या बाईने नाताळचं शुभेच्छापत्र चुकून माझ्या पत्त्यावर पाठवलं म्हणून.

आता ऐक. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण इथल्या बंदरात अकरा वर्षं बोटी साफ केल्यात. सकाळी एक लोंढा उतरतो, दुपारी दुसरा चढतो, मधल्या चार तासांत आम्ही नऊशे गाद्या उलटतो. म्हणून सांगते तसं कर. चढल्या चढल्या सगळे वर जेवायला धावतात, जसं काही अन्न पहिल्याच दिवशी संपणार आहे. तू जाऊ नकोस. सुटकेस धक्क्यावर हमालाकडे द्यावी लागते आणि ती संध्याकाळी खोलीच्या दाराशी येते; तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेव. खोलीत शिरलीस की आधी गादी उचलून खालची शिवण बघ, ढेकूण तिथेच बसतात. सगळे कप्पे उघडून बघ. मग दारापासून जीवनौकेपर्यंत चालत जा, वाटेतली दारं मोज, आणि परत येताना डोळे मिटून ये. धूर झाला, दिवे गेले, तर पाय ओळखीचे हवेत. लोक हसले तर हसू देत.

आणि मुख्य म्हणजे तो पहिल्या तासात काय करतो ते बघ. बाटलीकडे धावणारे, पत्त्यांकडे धावणारे, बायकोला खोलीत टाकून गायब होणारे, सगळे मी पाहिलेत. पहिल्या तासात माणसाला वाटतं, इथे आपल्याला कोण ओळखतंय. तेव्हा तो असतो तसा दिसतो. सान हुआनला बोट लागली की लगेच कळव.

रागावलीस तरी चालेल, पण कळव. माया आहे ती आहेच, ती वेगळी काय मागू.

तुझी,
व्हेल्मा


सान हुआन,
९ नोव्हेंबर १९९३

चि. व्हेल्मा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस ते सगळं केलं बाई. गादी उचलून धरली आणि तेवढ्यात खोली आवरणारी आली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खजील झाले. ढेकूण नाहीत. जीवनौका सदतिसाव्या दारानंतर आहे. डोळे मिटून परत येताना विसाव्या दाराशी एका गृहस्थांच्या पोटावर आपटले. त्यांनी माझी क्षमा मागितली, म्हणजे माणूस सभ्य असावा. वर जेवायला पोचले तोवर तळलेली कोळंबी संपली होती, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

आता ज्यासाठी तू वाट बघते आहेस ते. हॉलिस मला दाराशी सोडून गेले ते तासभर दिसलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले की जेवणाच्या टेबलाचं काम होतं. इथे पूर्ण प्रवासभर एकच टेबल असतं. आमचं आठ जणांचं लागलं होतं, ते त्यांनी मुख्य वाढप्याला गाठून दोघांचं करून घेतलं. कोपऱ्यातलं, भिंतीला लागून. मी म्हटलं, आठ जणांत गप्पा झाल्या असत्या की. नुसते हसले.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. संध्याकाळी जेवायला बोलवायला गेले तर त्यांच्या दाराशी गुलाबी सुटकेस उभी. बायकी. चिठ्ठीवर नाव एम. टिल्मन. हॉलिस बाहेर आले, सुटकेस बघितली, आणि त्यांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. म्हणाले की हमालाची चूक असेल. तेव्हापासून जेवताना सारखे दाराकडे बघतात. आणि गवती टोपी घातलेली एक बाई आहे, चाळिशीची असेल. मी डेकवर गेले की ती डेकवर, मी आत आले की आत.

व्हेल्मा, मी पहिल्याच दिवशी हो म्हणून टाकणार होते. आता जीभ अडते. तुझं डोकं या बाबतीत माझ्यापेक्षा चालतं. काय करू ते लिही, आणि गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी ताई,
ओपल


टॅम्पा,
१२ नोव्हेंबर १९९३

प्रिय ओपलताईस,
स. न. वि. वि.

पत्र आज दुपारी आलं, शेगडीवरचं तसंच टाकून लिहायला बसले. वि. वि. नंतरची विनंती एकच, शुद्धीवर ये.

कोपऱ्यातलं टेबल! कोपऱ्यात कोण बसतं? ज्याला कुणी मागून खांद्यावर हात ठेवायला नको असतो तो. आणि हमालाची चूक म्हणे. हमालाला नाव वाचता येतं म्हणून तर सुटकेस तिथे आली. म्हणजे त्याच बोटीवर टिल्मन नावाची बाई आहे, आणि ती गवती टोपी घालून तुझ्या मागे फिरते आहे. बायको आहे. दुसरं कोण असणार? स्वतःला विधुर म्हणवणारे मी दोन पाहिलेत, दोघांच्या बायका धडधाकट होत्या.

रविवारी बोट मायामीला लागेल, अर्धे लोक उतरतील, नवे चढतील. तुमचा दुसरा आठवडा तेव्हा सुरू. शेजारची डोरीन मुलीकडे मायामीला चालली आहे, ती हे पत्र धक्क्यावर देईल. मिळाल्या मिळाल्या त्या खोली आवरणारीला गाठ. आम्हाला सगळं माहीत असतं, कोण कुठे झोपलं नाही ते चादरीच सांगतात. सांग की बहीण याच धंद्यातली आहे. आणि खरं निघालं तर बोट सुटायच्या आत उतर, बस पकड आणि माझ्याकडे ये. तो माणूस मुळातच नासका आहे. त्याच्या तोंडावर वाचून दाखव हवं तर.

घाईत आहे. माया नेहमीइतकीच.

तुझी,
व्हेल्मा


व्हॅल्डोस्टा,
१५ नोव्हेंबर १९९३

श्रीमती व्हेल्माबाई यांस,
अनोळखी मार्लीन टिल्मनचा स. न. वि. वि.

गवती टोपी माझी. सुटकेसही माझी. मी बायको नाही, मुलगी आहे.

आपलं पत्र ओपलबाईंनी काल धक्क्यावर खरंच वाचून दाखवलं, बाबांना आणि मला. 'मुळातच नासका' तिथे बाबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. म्हणाले की रेल्वेत सदतीस वर्षं काढली, पण एवढं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं.

माझी बाजू सांगते. आई जाऊन चौदा महिने झालेत. बाबांनी मला फोनवर कळवलं की ते एका बाईला घेऊन बोटीवर जात आहेत, आणि खिशात अंगठी आहे. दवाखान्यातल्या नोकरीतून रजा काढून मी त्याच बोटीचं एका आठवड्याचं तिकीट घेतलं, त्यांना न सांगता. चढल्यावर माझं पहिलं काम तुमच्या बहिणीवर नजर ठेवणं. तिच्या खोलीचं दार उघडं होतं. ती गादी उचलून खाली बघत होती. मग एकेक कप्पा उघडला. मग दारं मोजत निघाली, जीवनौकेपर्यंत गेली आणि डोळे मिटून परत आली. मी मनाशी म्हटलं, ही एक तर सराईत चोर आहे किंवा वेडी, आणि माझ्या बापाने हिच्यासाठी अंगठी घेतली आहे.

शुक्रवारी ती सरळ माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली आणि विचारलं की मी हॉलिसची बायको का. मी म्हटलं, मुलगी. ती हसायला लागली ती थांबेना, आणि मग रडली. बाबांना सगळं ठाऊक होतं. ती सुटकेस त्यांनीच मला घेऊन दिलेली. पाच दिवस वाट बघत होते, मी आपण होऊन येईन म्हणून. आणि कोपऱ्याचं सांगते: त्यांचा डावा कान डबे जोडता जोडता गेला. आठ जणांत त्यांना काही ऐकू येत नाही आणि ते कबूल करत नाहीत. बहिरा कान भिंतीकडे, चांगला तुमच्या बहिणीकडे, एवढ्यासाठी तो तास गेला.

तरी मी अजून विरघळलेले नाही, खोटं कशाला लिहू. ओपलबाईंनी बाबांना सांगितलंय की मुलगी नाखूश असेल तर उत्तर नाही. मला म्हणाल्या की माझ्या बहिणीला विचार, लहानपणापासून माझे दोष मोजणं हाच तिचा उद्योग आहे, ती एकही लपवणार नाही. तेव्हा विचारते. कशी बाई आहे ती? रविवारी बोट लागेल तेव्हा मी धक्क्यावर असेन, आणि जे कळेल त्यावरून त्यांना सांगेन.

उत्तर कडू असलं तरी चालेल, उशिरा नको.

आपली,
मार्लीन टिल्मन


टॅम्पा,
१७ नोव्हेंबर १९९३

मार्लीन टिल्मन हिस,
आशीर्वाद द्यायचा की नाही ते शेवटी बघू.

बापाच्या मागे लपून बोटीवर चढलीस. रजा आणि गुडघा जमला असता तर मीही तेच केलं असतं, म्हणून रागवत नाही. गादी, कप्पे, दारं, सगळं मी सांगितलेलं. तिला ढेकूण आणि झुरळ यातला फरक कळत नाही. वेडं कुणाला म्हणायचं असेल तर मला म्हण.

तुला आधी एक पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात लिहिलं होतं की ती आजारी असते, चिडखोर आहे, नवऱ्याला छळलं. सगळं खोटं. एक पान, तीन तिकिटं, आणि लग्न मोडलं असतं. खूप वेळ ते पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. लग्न झालं तर ती व्हॅल्डोस्टाला राहील, आणि मला ती इथे हवी आहे. म्हणून तुझ्या बापाबद्दल माझं मत धरू नकोस, ते वाकडंच असणार. बहिणीबद्दलचं धर.

हट्टी आहे. चर्चमध्ये बेसूर गाते आणि मोठ्याने गाते. कोंबडी तळते ती हाडाशी कच्ची राहते. दुखावली की भांडत नाही, चार दिवस गप्प बसते, त्यापेक्षा शिव्या परवडल्या. दुसऱ्याच्या वस्तू वाटून टाकते. माझा थंडीचा कोट तिने टपालवाल्याच्या बायकोला दिला, मी घरात असताना. आता दुसरं. तिचा नवरा फ्लॉइड लकव्याने सात वर्षं पडून होता, वाचा गेलेली. रोज सकाळी ती त्याची दाढी करायची आणि आरसा धरून विचारायची की ठीक झाली का. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी थांबायची, त्याच्या डोळ्यांकडे बघत. सात वर्षं, जाईन तेव्हा मी हे पाहिलं. मी असते तर आठवड्यातून एकदा साबण फासला असता.

तुझ्या आईची जागा ती घेणार नाही. आईचा फोटो काढायला गेलीस तर तीच तुला खिळा परत ठोकायला लावील.

आता माझा एक प्रश्न. तुझी आई आजारी होती तेव्हा तुझा बाप कुठे होता? मला लिहू नकोस, वेळेत पोचणार नाही. तू घरात होतीस, तुला ठाऊक आहे. जवळ बसलेला असेल तर सोबतचं बंद पाकीट रविवारी ओपलला दे. नसेल तर फाडून समुद्रात टाक, मला राग येणार नाही.

आशीर्वाद घे. दोघींपैकी एकीने तरी आधी शहाणं व्हायला हवं.

व्हेल्मा


(पाकिटातलं)

ओपलताईस,
स. न. वि. वि.

हे वाचते आहेस, म्हणजे मार्लीनने बापाच्या बाजूने साक्ष दिली. बरं झालं.

तुला एक सांगितलं नव्हतं. मागची खोली रिकामी केली, भिंती पिवळ्या केल्या, पलंग खिडकीशी लावला. डिसेंबरात तू नेहमीसारखी आलीस की परत जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून मला सुटकेस आवडली नाही, टेबल आवडलं नाही, पुडिंगही आवडलं नाही. त्या माणसाने पहिल्या तासात देवाचं भजन केलं असतं तरी मी त्यात खोट काढली असती. बॉयडचं नाव घेत होते, पण भीती बॉयडची नव्हती. दर रविवारी रात्रीचा तुझा फोन वाजेनासा झाला तर काय, ही होती.

तेव्हा हो म्हणायचं असेल तर तिथेच म्हण, धक्क्यावर, सुटकेस हातात घ्यायच्या आत. घरी येऊन मला विचारायला बसू नकोस. मला विचारलंस तर मी नाहीच म्हणेन.

जिथे राहशील तिथून माझी आठवण ठेव.

तुझी,
व्हेल्मा


मायामी बंदर,
२१ नोव्हेंबर १९९३

चि. व्हेल्मा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी आहे. मार्लीनने पाकीट दिलं, बंदच होतं. मग माझी पिशवी हातातून काढून घेतली. उभ्या उभ्या वाचलं.

तुला विचारलं नाही.

तुझी ताई,
ओपल