बंद ठिवलेली मोटर

१२ एप्रिल १९९६, निरवांगी

बारामतीच्या कॉलेजातली पोरं वर्षभर दर महिन्याला आमच्या विहिरीचं पाणी टेपनं मोजत्यात, संशोधनासाठी. माझी नात शालन बी त्यांच्यातच हाय. आज तिनं इचारलं, "आबा, ऊस का वाळलाय? मोटर बंद हाय का?"

"तीन दिस झालं. तुमी येणार म्हणून. पाव्हण्यांना काय तळ दाखवू?"

"म्हंजी दर महिन्याला?"

"मग!"

ती विहिरीच्या काठावरच बसली. वहीतलं वर्षाचं आकडं एकेक करून खोडलं. मी समजावाया गेलो, तर संगं आलेलं तिचं सर म्हणालं, "राहू द्या आबा." त्याचीच जास्त चीड आली. मी काय चोरी केली? मोटरच तर बंद ठिवली.

शालन त्यांच्या जीपमधनं गेली.

मग मोटर चालू केली. तासाभरात तळ दिसला. आता खरं पाणी हाय, तर मोजायला कुणी न्हाय.