अण्णांनी देवाला सांगितलेला रविवार

प्रिय शेखर,

रेवा अजून घरी आलेली नाही. तिचा फोन लागत नाही. येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेत, आणि मी गॅलरीत येरझाऱ्या घालून ते काही हलणार नाहीत, म्हणून टेबलाशी बसून तुला लिहायला घेतलं आहे. तू गेल्यापासून तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. रागावले होते तुझ्यावर. अजूनही आहे.

तुझी लेक काल सकाळी जुहूहून क्लबचं विमान घेऊन डोंगरात गेली. मैत्रीण आहे बरोबर, पण चालवणारी हीच. रस्ताही तुझाच. घाट ओलांडून साताऱ्याकडची ती लहानशी धावपट्टी, तिथून गाडीने वर थंडीत, शनिवारचा मुक्काम आणि रविवारी परत. मी नको म्हटलं नाही का? म्हटलं ना! अबोला धरला, जेवले नाही. ती माझ्यासमोर बसून पोटभर जेवली आणि माझं ताट झाकून ठेवून झोपायला गेली. कुणावर गेली असेल, सांग बघू.

तू चव्वेचाळिसाव्या वर्षी विमान शिकलास. त्या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळतात. चौघा मित्रांत मिळून ते जुनं चार सीटचं विमान घेतलंत, आणि मुलुंडच्या आपल्या सोसायटीत मी एकदम 'विमानवाल्यांची बायको' झाले. पहिल्यांदा बसले तेव्हा ते एलबीएस रोडवरच्या रिक्षासारखं थडथडत होतं. मी डोळे मिटून घेतले होते. तू खालचं धरण दाखवत होतास, किल्ले दाखवत होतास, आणि मी रामरक्षा म्हणत होते. शेवटी एक डोळा उघडला. खाली सगळा सह्याद्री हिरवागार, आणि आपली सावली त्याच्यावरून चाललेली. त्या दिवशी मला कळलं तू का वेडा झालास ते. हे तुला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू दर शनिवारी न्यायला लागला असतास.

आणि अण्णा! गिरणीत जन्म गेलेला, भांडुपच्या दोन खोल्यांतून आपल्याकडे राहायला आलेला तुझा बाप. विमानाला पंखा एकच आहे हे ऐकून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग त्यांनी आपला उपाय काढला. तू निघालास की देवासमोर नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. मी चेंबूरची, माझ्या माहेरी देवाशी मनातल्या मनात बोलतात. तुमच्याकडे त्याला खडसावून, सगळं नीट समजावून सांगतात. आपल्या लग्नात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबताना मला ठसका लागला होता.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, हो माझो झील इमान घेवन डोंगरात जाता. तेका सुखरूप ने, आणि रविवारी सांजेक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

आणि आपण तिघांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" रेवा सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. देवाला वार आणि वेळ सांगितलेली बरी, नाहीतर तो विसरतो, असं अण्णांचं म्हणणं. मला ते तेव्हा फार गोड वाटायचं.

त्या रविवारी असेच ढग होते. दसरा होऊन गेला होता, पाऊस संपला असं सगळे म्हणत होते, आणि दुपारनंतर घाटावर काळं दाटून आलं. विमानातल्या भागीदारांपैकी दिलीप बरोबर होता तुझ्या. तो सरळ म्हणाला, अशा हवेत मी येत नाही, आज राहू, सकाळी निघू. तुझं विमान डोळ्यांनी बघून चालवायचं, ढगात शिरलं की आंधळं, आणि अंधार पडायच्या आत जुहू गाठायचं, हे मला माहीत होतं तर तुला नव्हतं का? तू त्याला म्हणालास, उद्या ऑफिस आहे. दिलीप सोमवारी एसटीने आला. तुला आणायला आम्ही मंगळवारी गेलो.

काय होतं रे त्या सोमवारी? एक मीटिंग. ती पुढच्या आठवड्यात झाली, तुझ्याशिवाय झाली, आणि व्यवस्थित झाली. तुझे साहेबच भेटायला आले तेव्हा सांगून गेले. बिचाऱ्यांना काय बोलावं सुचत नव्हतं म्हणून ते बोलले, पण मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. इतकी वर्षं डोंगरांचा धाक बाळगला मी, आणि तुझा जीव घेतला सोमवाराने.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण निघण्याआधी तू घरी फोन केलास, तो अण्णांनी उचलला. तिकडे ढग दिसतात काय, असं त्यांनी विचारलं. आणि तू हसत म्हणालास, "अण्णानू, तुमी देवाक रविवार सांगितल्यात मा? मग येतंय मी."

थट्टा केलीस. दुसरं कुणी असतं तर मीही हसले असते. पण तुझे शेवटचे शब्द म्हणून त्या म्हाताऱ्याकडे तेवढेच राहिलेत. त्यांनी मनाशी पक्कं धरलंय की देवाला वेळ त्यांनी घालून दिली, म्हणून त्याने तुला त्या ढगांत ओढलं. मी किती समजावलं. मी बँकेत अर्धं आयुष्य लोकांना समजावण्यात घालवलं, पण घरात मला एका माणसाला समजावता येत नाही. ते मान हलवतात, हो म्हणतात आणि पुन्हा तेच धरून बसतात.

तेव्हापासून त्यांनी गाऱ्हाणं घातलेलं नाही. गणपतीत भांडुपची मंडळी दरवर्षी बोलवायला येतात. घसा बसलाय म्हणून सांगतात. तीन वर्षं घसा बसलाय त्यांचा.

काल सकाळी रेवाने निघताना त्यांच्यापुढे नारळ ठेवला. म्हणाली, आजोबा, घाला. मला वाटलं ते उठून जातील. नाही गेले. त्यांनी टोपी घातली, देवासमोर उभे राहिले, सुरुवात केली. आवाज अगदी बारीक झालाय आता. बारा गावचा, बारा वहिवाटीचा, सगळं ओळीने आलं. तिका सुखरूप ने, इथपर्यंत आले आणि थांबले. आम्ही वाट बघत राहिलो. त्यांचे ओठ हलत होते पण पुढचं येईना. शेवटी रेवा तेवढ्यालाच व्हय म्हाराजा म्हणाली, पाया पडली आणि गेली.

शेखर, मी असलं मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण कालपासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. त्यांनी तिला ने म्हटलं. परत आण म्हटलंच नाही. दिवसभर ते त्यांच्या खोलीत आणि मी माझ्या, आणि दोघांच्याही मनात तेच. आता बाहेर अंधारायला लागलंय.

फोन वाजतोय. थांब.

रेवाच होती. जमिनीवर आहे, शेखर. जमिनीवर आहे. दुपारीच धावपट्टीवर आली, घाटाकडे बघितलं, विमान दोरांनी बांधून ठेवलं आणि परत वर मुक्कामाला गेली. वर पोचेपर्यंत कुठेच रेंज नव्हती. "आई, घाट दिसत नाहीये. मी आज निघत नाही. उद्या बघू, नाहीतर परवा," असं म्हणाली.

आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं सांगू? मी म्हटलं, अगं, उद्या ऑफिस आहे ना तुझं?

माझी मलाच शिसारी आली. ती मात्र शांत होती. ऑफिस काय पळून जातंय का, म्हणाली.

एवढ्यात अण्णा भिंत धरत बाहेर आले. मी त्यांना सांगितलं, ती तिथेच राहतेय, बरी आहे. त्यांनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला. त्यांना देवाकडे जायचंही सुचलं नाही. तिथेच, जेवणाच्या टेबलाशी उभे राहून, फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, माजी नात थंय डोंगरात आसा. आभाळ मोकळा झाला काय मगच तिका घराक हाड. सोमवार होव, मंगळवार होव, आमका घाई नाय रे म्हाराजा."

तिकडून रेवाचा आवाज आला, व्हय म्हाराजा. मीही म्हटलं.

फोन त्यांनी माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "ह्या तेवा शेखराक सांगूक व्हया होता." मी त्यांना हाताला धरलं. आत नेऊन झोपवलं. भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवणार नाहीत.

तुला एवढंच वचन देते. या घरातून निघणाऱ्या कुणालाही, कधी येणार, असं मी यापुढे विचारणार नाही. उद्या रेवा आली नाही तर परवा वाट बघेन, परवा नाही तर तेरवा. मला जमेल. ज्याची वाट बघावी असं माणूस उरलेलं असणं म्हणजे काय ते मला आता कळतं.

तू सोमवारी आला असतास तरी चाललं असतं रे. महिन्याने आला असतास तरी चाललं असतं. आम्ही कुठे जाणार होतो?

तुझी,
नीलिमा