पांढऱ्या कोंबडीला नीळ

ती. ताईंस,

नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो, कारण ती जराही बिघडली असती तर फोन आला असता. साडूभाऊंचा गुडघा कसा आहे? (जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी आपण दोघांनी वेगवेगळे सांगितले होते.) आम्ही ठीक. ठमी जेवते, वाचते, गणिते सोडवते. बोलते कमी. मीही कमीच बोलतो, त्यामुळे घरात भांडण असे होत नाही.

क्लबात काय झाले म्हणून आपण फोनवर विचारलेत, तेव्हा मी "काही विशेष नाही" म्हणालो. ते खोटे होते. क्लबात शिवण शिकवणाऱ्या बाईंनी आपल्याला अर्धे सांगितलेच आहे, उरलेले अर्धे माझ्याकडून कळावे म्हणून हे पत्र.

ठमीला घरीच शिकवायचे असे आपल्या बहिणीने ठरवले तेव्हा आपण विचारले होते, की मग हिला मैत्रिणी कुठून आणणार? त्यावर तिने हा क्लब शोधून काढला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. घरी शिकणारी मुले येतात, शाळेत जाणारीही येतात. कोणी सुतारकाम करते, कोणी शिवते, कोणी कोंबडी पाळते. आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उभे राहून आपण काय केले ते सांगायचे, परीक्षक विचारतील त्याची उत्तरे द्यायची. आईबापांनी दोरीच्या मागे उभे राहायचे आणि तोंड उघडायचे नाही. (हा नियम माझ्या सोयीसाठीच केला असावा असे मला वाटे. मी वजनकाटे दुरुस्त करतो. काटा स्थिर होईपर्यंत गप्प बसणे हाच माझा धंदा.)

ठमीची कोंबडी पांढरी. नाव मास्तरीणबाई, कारण ती पाठीमागे हात बांधल्यासारखी फिरते आणि प्रत्येकाकडे चूक सापडल्यासारखी बघते. या प्रदर्शनाला कोंबडी धुऊन न्यावी लागते. गेल्या वर्षी मायलेकींनी न्हाणीघराचे दार लावून घेतले होते आणि मी बाहेर उभा होतो. आतून हसण्याचा आणि केस वाळवायच्या ड्रायरचा आवाज येत होता. मग दार उघडले, आणि कापसाच्या गठ्ठ्यासारखी मास्तरीणबाई बाहेर आली. यंदा हे मीच करायचे असे मनाशी ठरवले. आपण म्हणाला होतात ना, की तुम्हाला एकट्याला जमायचे नाही, ठमीला माझ्याकडे पाठवा, इथली शाळा चांगली आहे. मला जमते हे दाखवायचे होते.

ठमी झोपेत असतानाच मी कोंबडी न्हाणीघरात नेली. टब, स्पंज, घड्या घातलेले जुने टॉवेल दाराशी तयारच होते. ते कोणी ठेवले, असा विचार माझ्या मनात आला नाही. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ घालतात, म्हणजे पांढरा रंग खुलतो, एवढे मला ऐकून माहीत होते. मी शर्टाला घालतो तेवढी घातली. (जन्मभर वजनात काढलेला माणूस, आणि नीळ अंदाजाने.) ओली असेपर्यंत काही कळले नाही. मग मी कपाटातून आपल्या बहिणीचा ड्रायर काढला. तो तिच्यानंतर कोणी लावला नव्हता. पिसे वाळू लागली तसा रंग वर आला, आणि त्याच वेळी ड्रायरचा आवाज ऐकून ठमी अनवाणी धावत आली आणि तिने धाडकन दार उघडले. ती कशाला धावत आली ते मी लिहीत नाही, आपल्याला कळेल. आत मी होतो, आणि एक आकाशी कोंबडी. तिने आम्हा दोघांकडे पाहिले, "बरं" म्हणाली आणि दार लोटून घेतले.

तरीही आम्ही प्रदर्शनाला गेलो. परीक्षक म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी विचारले, "कुठल्या रंगाची गं ही?" ठमी म्हणाली, "पांढरी." हॉलभर हशा झाला. ठमीची मान खाली गेली, आणि ताई, मी दोरी ओलांडली. नीट ओलांडली नाही, पाय अडकला, दोन खुर्च्या दोरीसकट आडव्या झाल्या. उठता उठता मी ओरडलो, "हसू नका, ती आजारी आहे!" हे मी जनावरांच्या डॉक्टरांना सांगितले. पुढच्या क्षणी ज्याने त्याने आपापली कोंबडी काखेत मारली आणि जिन्याकडे धाव घेतली. एक कोंबडा खाली वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर सापडला. डॉक्टरांनी शांतपणे ओला कापूस पिसांवरून फिरवला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हा रोग मी आजवर कपड्यांनाच झालेला पाहिला होता."

मग त्यांनी ठमीला विचारले, कोणी धुतली? "बाबांनी." तू का नाही धुतलीस? "मी सगळं काढून ठेवलं होतं. पण मी उठायच्या आत यांनी उरकलं." आणि तिथून ती बोलतच राहिली. आई चिमटीत मावेल एवढीच नीळ घ्यायची, तीही आधी वाटीत विरघळवायची. पाणी मनगटावर बघायची. पंख असे धरायचे, पिसांच्या उलट दिशेने वारा सोडायचा नाही. निळी कोंबडी काखेत घेऊन ती सांगत होती. पळालेली माणसे एकेक करून जिन्यावरून परत आली आणि ऐकत उभी राहिली. दोरी मीच पाडली होती, तरी ती होती तिथे, मागे जाऊन मी उभा राहिलो. आई गेल्यापासून ठमीला सलग इतके बोलताना मी ऐकले नव्हते. कोंबडी मोठ्या माणसाने धुतली म्हणून तिला बक्षिसाची फीत मिळाली नाही.

डॉक्टरांशी खोटे बोललो याची लाज आहेच. पण घरात माहीतगार माणूस असताना मी एका शब्दाने विचारले नाही, याची फार आहे. तेव्हा आपलेच म्हणणे खरे. ठमीला आपल्याकडे पाठवतो. केव्हा आणून सोडू ते कळवावे. साडूभाऊंना नमस्कार, गुडघ्याला आराम.

आपला,
ठमीचा बाप

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र ठमीला वाचून दाखवले. (आता विचारून करायचे असे ठरवले आहे.) शेवटचा परिच्छेद ऐकून ती म्हणाली, "हे कोणाला विचारून लिहिलंत?" तेव्हा तो परिच्छेद नाही असे समजावे. खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दिला आहे.

ता. क. (दुसरा) क्लबात प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने मुलांना काहीतरी शिकवायचे असते. आपल्या बहिणीची जागा रिकामी होती. ठमीने तिथे माझे नाव देऊन टाकले (मला न विचारता). विषयही तिनेच दिला आहे : पांढरी कोंबडी कशी धुऊ नये. शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो, ते आपण पाहिले आहे. म्हणून खरी विनंती अशी, की आपण त्या दिवशी यावे आणि पुढच्या रांगेत बसावे. बोलेन मी कसेबसे. ड्रायर ठमी लावणार आहे. सुरुवातीला नुसता आवाज येतो. तेवढा वेळ आपण जवळ असाल तर बरे.