जोडसायकलची पुढची सीट

प्रिय छोट्या,

पंचावन्न वर्षांचा झालास तरी माझ्यासाठी तू छोट्याच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. हे पत्र भावजयबाई तुला वाचून दाखवेल. माझं अक्षर लागत नाही ही तिची जुनी तक्रार, म्हणून या वेळी शब्द सुटे सुटे लिहितेय. फोनवरही सांगता आलं असतं म्हणा. पण फोनवर मी दर वेळी तिच्याशीच बोलते आणि ‘त्यालाही सांग’ म्हणून ठेवून देते, हे तुझ्या लक्षात आल्यावाचून राहिलं नसेल.

बातमी अशी, की तुझी एकसष्ट वर्षांची ताई सहा दिवस सायकलवरून भटकून आली. जंगलं, टेकड्या आणि तळीच तळी. एक संपलं की दुसरं. चष्म्याचं दुकान बंद केलं तेव्हा मी सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. तर त्याच गुडघ्यांनी तीनशे दहा किलोमीटर पायडल मारलं. आता गुडघ्यांचं कारण कुणाला सांगायला तोंड उरलेलं नाही. आणि सायकलही साधी नव्हती, जोडसायकल होती. दोन सीट, दोन पायडलं, हँडल फक्त पुढच्याच्या ताब्यात. पुढे मी, मागे वकीलबाई.

या वकीलबाईंबद्दल तुला सांगायचंय. बावन्न वर्षांच्या आहेत, जमिनीचे आणि भाडेकरूंचे खटले चालवतात. तिशीत असताना त्यांची दृष्टी गेली, पूर्ण. त्यांच्या पुढच्या सीटवर नेहमी त्यांचा भाचा असतो, पण निघायच्या महिनाभर आधी जिन्यावरून घसरून त्याचं मनगट मोडलं. आमच्या सायकल क्लबच्या सेक्रेटरींनी मला विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. का, ते मलाही तेव्हा कळलं नाही. तीन रविवार सराव केला. पहिल्याच रविवारी मी सायकल क्लबच्या फाटकावर नेऊन आदळली. वकीलबाई खाली पडल्या त्या तिथूनच म्हणाल्या, “बरं झालं, एकदाचं उरकलं. आता पुढे शिकू.” कपडे झटकून पुन्हा मागे बसल्या. मी त्यांच्या जागी असते तर घरी गेले असते.

पुढच्याने बोलत राहायचं, हा जोडसायकलचा पहिला नियम. खड्डा, वळण, चढ, ब्रेक, सगळं आधी सांगायचं, म्हणजे मागचा तयार असतो. पण वकीलबाईंना तेवढं पुरत नाही. त्यांना दिसेल ते सगळं हवं असतं. पहिल्या दिवशी एका तळ्याच्या कडेने चाललो होतो. मी म्हटलं, किती छान आहे हो. मागून आवाज आला, “‘छान’ हा पुरावा नाही. काय दिसतंय ते सांगा.” मग मी चाचपडत सुरू केलं. पाणी आहे, निळं आहे. “कसलं निळं?” शाळेच्या शाईसारखं. “आणि कडेला?” कडेला पिवळट, गवत पाण्यात उतरलंय, एक होडी उलटी घालून ठेवलीय, तिच्या बुडाला कुणीतरी अर्धाच रंग दिलाय. “अर्धाच का?” आता ते मी कुठून सांगू? पण खरं सांगते छोट्या, चाळीस वर्षं लोकांना दिसतंय की नाही ते मी तपासत आले, आणि स्वतः काय बघते हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

तुला वाटेल, बाई म्हणजे कुणी संतमहात्मा असणार. मुळीच नाही. चढ आला की पाय नुसते फिरवतात, जोर लावत नाहीत, आणि पुढच्याला ते कळत नाही असं त्यांना वाटतं. नाश्त्याला माझ्या ताटलीतला मुरांबा बिनदिक्कत उचलतात. गातात भसाड्या आवाजात, तेही पूर्ण गाणं येत नसताना. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत म्हणाल्या, “पुढे तळं आलं, मला पाण्याचा वास येतोय.” पुढे निघाली लाकडाची वखार! नुकत्याच भिजवलेल्या ओंडक्यांचा ढीग. मी हसून हसून सायकल थांबवली. त्या दोन मिनिटं रुसल्या, मग स्वतःच हसायला लागल्या. पण नंतर तीनदा त्यांनी तळं माझ्या आधी ओळखलं. झाडी संपली की आवाज पसरतो म्हणतात, चाकाचा सुद्धा.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एका बाईच्या घरी उतरलो. खाली त्यांचं टपाल कार्यालय, वर पाहुण्यांच्या दोन खोल्या. जेवायला सूप, उकडलेले बटाटे आणि अंडी. वकीलबाईंनी बसल्या बसल्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, मग कडेच्या खालून. म्हणाल्या, “सुतार आळशी होता. वरून गुळगुळीत, खालून तसंच सोडलंय. कुणी बघणार नाही असं वाटलं असेल.” तुझ्या कारखान्यातलं एकही टेबल असं नव्हतं. खालच्या कडेला तू वरच्याइतकाच वेळ घालवायचास आणि मी तुला वेडा म्हणायचे. त्यांना हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. माझा भाऊ सुतार आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता.

चौथ्या दिवशी ती गोष्ट झाली. सकाळभर चढ होता, देवदारांसारखी उंच, सरळ झाडं, मध्ये मध्ये उन्हाचे पट्टे. माथ्यावर पोचलो, पाणी प्यालो आणि उतार सुरू झाला. दुसऱ्याच वळणावर बघते तर पावसाने डावीकडचा रस्ता खचलेला. कठडा गायब, आणि खाली, खूप खाली तळं. वाटलं, यांना कशाला सांगायचं? दिसत तर नाहीच आहे, उगाच घाबरतील. मी हळूच ब्रेक दाबले आणि गुपचूप उजव्या बाजूने काढायला लागले. दहा-वीस हात गेलो असू. मागून आवाज, “थांबव.” मी म्हटलं, काही नाही हो, रस्ता जरा खराब आहे. “सायकल थांबव म्हणते ना!” तीन आठवडे अहो-जाहो करणारी बाई थेट एकेरीवर आली.

मी थांबवली. पाय टेकवून त्या म्हणाल्या, “काही नाही, तर तू बोलायची का थांबलीस? सायकल अशी थरथरतेय की मला इथवर कळतंय. काय आहे?” तेव्हा सांगितलं. डावीकडे कडा आहे, रस्ता खचलाय, चार-पाच हात उरलाय, वळणापलीकडचं मला दिसत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मग उतरून चालू या. एवढंच होतं ना?” आम्ही उतरलो. सायकल आमच्या मधे, मी कड्याच्या बाजूला, त्या डोंगराच्या बाजूला, एक हात सीटवर. पाव तासात पार झालो. पलीकडे गेल्यावर त्या एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “मला दिसत नाही हे मला चोवीस तास आठवत नसतं. कामं असतात, भूक लागते, भाच्याचा राग येतो. पण समोरचा माणूस माझ्या भल्यासाठी म्हणून गप्प बसला, की तेव्हा मी आंधळी होते. तू आत्ता मला आंधळी केलंस.” रागाने नाही म्हणाल्या. कोर्टात एखादी साधी गोष्ट मांडावी तशा. आणि मग पिशवीतलं सफरचंद काढून अर्धं मला दिलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी इतकी बोलले की घसा बसला. खारीपासून खांबावरच्या गंजापर्यंत सगळं. पाचव्या दिवशी एक लांबलचक सपाट रस्ता लागला, दोन तळ्यांच्या मधोमध, दोन्हीकडे पाणी, आणि वारा पाठीवर. मी म्हटलं, खड्डा नाही, वळण नाही, गाडी नाही, दीड किलोमीटर नुसता सरळ रस्ता. त्यांनी मागे हात सोडून पसरले आणि ओरडल्या, “मार!” आम्ही दोघी म्हाताऱ्या काय सुसाट गेलो म्हणून सांगू. एक मासे पकडणारा गृहस्थ गळ टाकून उभाच राहिला बघत. त्या बाईइतकं मोकळं हसणारं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि मला सारखा तू आठवत होतास, दोन वर्षांत जितका आठवू दिला नव्हता तितका.

भावजयबाई, आता पुढचं सावकाश वाच, आणि जमलं तर मध्ये थांबू नकोस. शेवटच्या सकाळी धक्क्यावर चहा पिताना मी वकीलबाईंना सगळं सांगून टाकलं. तू माझ्या दुकानात येऊन म्हणाला होतास, “ताई, कडेचं दिसत नाही गं, माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो.” मी नंबर काढला, नवा चष्मा दिला, म्हटलं सवय होईल. आठ महिन्यांनी तू पुन्हा आलास आणि दुकानातल्या स्टुलाला अडखळलास. मी हसले. म्हटलं, वय झालं तुझं. काचबिंदूत कडेचं आधी जातं हे मला माहीत होतं, छोट्या. माहीत असणं हेच माझं काम होतं. दुकानात गर्दी होती, तू माझा भाऊ होतास, आणि भावाला काही होत नाही असं मी धरून चालले. नंतर डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर बरीच नजर वाचली असती. तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि मी तुझ्या घरची पायरी चढायचं सोडलं. वकीलबाईंनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाल्या, “कबुली चुकीच्या कोर्टात देतेयस.” म्हणून हे पत्र. आधी हे तुझ्या कानावर जावं, मगच मी समोर यावं. मला माफी नकोय. तुला जे म्हणायचंय ते तू दोन वर्षं गिळून बसलायस, ते ऐकायचंय, आवाज चढवून म्हणालास तरी. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतेय. यायला नको असेल तर तसा निरोप दे, मी समजेन. पण येऊ दिलंस, तर दार तू स्वतः उघड.

तुझीच, आणि तुझ्यासमोर उभं राहायला उशीर केलेली,
ताई